मामाची मुलगी, आत्याचा मुलगा आणि कायदा : वंशावळ लिहून ठेवणे का गरजेचे?

काही महिन्यांपूर्वी पोटगीसाठी दावा लावलेली एक ताई माझ्याकडे आली. लग्नाला नऊ वर्षे झालेली, पदरात दोन मुलं. लग्न विहारात, त्रिशरण-पंचशील घेऊन, चारशे माणसांसमोर लागलेले. नवऱ्याच्या वकिलाने कोर्टात म्हणणे मांडले की ही त्याच्या सख्ख्या मामाची मुलगी आहे, त्यामुळे हे लग्न कायद्याने मुळातच रद्द आहे. ताईने मला विचारले, "दादा, आमच्याकडे तर मामाच्या पोरीवर पहिला हक्क म्हणतात. मग माझंच लग्न खोटं कसं?"

हा प्रश्न एकट्या तिचा नाही. आपल्या अनेक घरांत अशी लग्ने झाली आहेत आणि आजही होतात. म्हणून याबाबत कायदा काय म्हणतो आणि तो कुठून आला, हे साध्या भाषेत समजून घेऊ.

आधी चालीबद्दल. सासूला 'आत्या' आणि सासऱ्यांना 'मामा' म्हणण्याची पद्धत महाराष्ट्रात आजही आहे. परक्या घरात दिलेली मुलगीसुद्धा असेच म्हणते. आत्याच्या घरी मुलगी देण्याची जुनी चाल या शब्दांत टिकून राहिली आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या नातेसंबंधांवरील ग्रंथात महाराष्ट्रातील मामेबहिणीशी लग्नाच्या चालीची नोंद केली आहे. तिकडे उत्तर भारतातील बहुसंख्य हिंदू जातींत असे लग्न म्हणजे भावाबहिणीचे लग्न मानले जाते.

हा भेद फार जुना आहे. बौधायन धर्मसूत्रात दक्षिणेकडील वेगळ्या चालींमध्ये मामाच्या आणि आत्याच्या मुलीशी लग्नाचा उल्लेख येतो. मनुस्मृतीने मात्र अशा संबंधासाठी प्रायश्चित्त सांगितले. पुढे कल्याणीच्या चालुक्यांच्या काळात विज्ञानेश्वराने 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. 'सपिंड' म्हणजे एकाच शरीराचे अंश ज्यांच्यात आहेत असे नातेवाईक, असा अर्थ त्यात लावला गेला. वडिलांकडून सात आणि आईकडून पाच पिढ्यांपर्यंत लग्न नको, हा नियम इंग्रजांच्या कोर्टांनीही प्रमाण धरला. एकाच गोत्रातील लग्नावरची बंदी १९४६ च्या कायद्याने उठली. सपिंडाचा नियम मात्र राहिला.

१९५१ मध्ये हिंदू कोड बिल रखडले आणि बाबासाहेबांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. त्यातला विवाहाचा भाग पुढे १९५५ चा हिंदू विवाह कायदा म्हणून आला. नावात 'हिंदू' असले तरी कलम २ नुसार तो बौद्ध, जैन आणि शीख यांनाही लागू आहे. म्हणजे १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण धर्म बदलला, पण विवाहाचा कायदा तोच राहिला. महाडला मनुस्मृती जाळणाऱ्या समाजाची लग्ने आजही 'सपिंड' या शास्त्री शब्दाच्या कसोटीवर तपासली जातात.

या कायद्यात दोन अडसर आहेत. पहिला निषिद्ध नात्यांचा. भाऊ-बहीण, काका-पुतणी, मामा-भाची, आत्या-भाचा, मावशी-भाचा ही नाती त्यात आहेतच. शिवाय दोन भावांची मुले, दोन बहिणींची मुले आणि भाऊ व बहीण यांची मुले, म्हणजे चुलत, मावस आणि मामे-आते ही तिन्ही नाती आहेत. सावत्र आणि दत्तक नातीही धरली जातात.

दुसरा अडसर सपिंडाचा. १९५५ ने सात आणि पाच पिढ्या कमी करून वडिलांकडून पाच आणि आईकडून तीन केल्या. मोजताना स्वतःला पहिली पिढी धरायचे. ताईचेच उदाहरण घेऊ. नवरा पहिला, त्याची आई दुसरी, आईचे वडील तिसरे. ताई पहिली, तिचे वडील दुसरे, आजोबा तिसरे. दोघांचे आजोबा एकच आणि दोन्ही बाजूंनी मर्यादेच्या आत. म्हणजे हे लग्न दोन्ही अडसरांत सापडते. समान पूर्वज एकाच्या बाजूने जरी मर्यादेबाहेर गेला, तर मात्र ते सपिंड ठरत नाहीत.

असे लग्न कलम ११ नुसार शून्य, म्हणजे मुळातच नसल्यासारखे. कलम १८ मध्ये एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्हीची तरतूद आहे. २०२४ च्या जानेवारीत दिल्ली उच्च न्यायालयाने सपिंड विवाहावरची बंदी घटनेशी सुसंगत ठरवली.

पण कलम ५ मध्येच एक वाट ठेवलेली आहे : दोघांनाही लागू असलेल्या रूढीने परवानगी असेल तर लग्न वैध. ही रूढी त्या भागात, समाजात, गटात किंवा कुटुंबात दीर्घकाळ, अखंड आणि एकसारखी पाळली गेलेली हवी. शिवाय ती निश्चित हवी, अवाजवी किंवा लोकहिताविरुद्ध नसावी. "आमच्यात चालतं" एवढे तोंडी सांगून भागत नाही. जो रूढीचा आधार घेतो, त्यानेच ती सिद्ध करायची. विवाह नोंदणीचा दाखलाही इथे पुरत नाही, कारण नोंदणीने शून्य लग्न वैध होत नाही.

कोर्ट मॅरेजने हा प्रश्न सुटेल असे काहींना वाटते. १९५४ च्या विशेष विवाह कायद्यातही निषिद्ध नात्यांची यादी आहे आणि मामाची मुलगी त्यात आहे. तिथे तर राज्य सरकारने राजपत्रात अधिसूचित केलेली रूढीच ग्राह्य धरली जाते.

ताईच्या बाबतीत आम्ही काय केले? तिच्या आजीला बसवले आणि चार पिढ्यांची वंशावळ कागदावर उतरवली. कोणाची मुलगी कोणाला दिली, कोणत्या गावी, साधारण कोणत्या साली. तिच्या घरात आणि नवऱ्याच्या भावकीत मिळून मामे-आते नात्यातली सात लग्ने निघाली. त्यातले एक खुद्द नवऱ्याच्या काकाचे. जुन्या पत्रिका, शाळेचे दाखले, साक्ष देऊ शकतील अशी वडीलधारी माणसे, सगळे वकिलांकडे दिले. निकाल अजून यायचा आहे.

निकाल विरुद्ध गेला तरी सगळे संपत नाही. कलम १६ मुळे मुले औरस ठरतात आणि आईवडिलांच्या मालमत्तेत त्यांना हक्क मिळतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की लग्न शून्य ठरले तरी कलम २५ खाली कायमस्वरूपी पोटगी मागता येते.

बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात मांडले होते की लग्न कोणाशी करायचे याच्या बंधनांतूनच जात टिकते. त्या अर्थाने जातीच्या आणि नात्यागोत्याच्या बाहेर पडून झालेली लग्ने आपल्या चळवळीशी अधिक जुळतात. नात्यात लग्न करा, असे मी सांगत नाही. मामाची मुलगी म्हणून तिची संमती गृहीत धरणे तर साफ चुकीचे आहे. पण जी लग्ने झाली, त्यातल्या स्त्रियांना वाऱ्यावर सोडता येणार नाही. लग्न ठरवताना ज्या रूढीचे कौतुक होते, तीच रूढी पोटगी द्यायची वेळ आली की नाकारली जाते आणि ती सिद्ध करण्याचा भार बाईवर पडतो.

म्हणून दोन गोष्टी. घरात आजी-आजोबा आहेत तोवर वंशावळ लिहून घ्या, लग्नांच्या गावांसह आणि सालांसह. आणि बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह कायद्याची मागणी करताना निषिद्ध नाती कोणती आणि आधी झालेल्या लग्नांना संरक्षण काय, हे मसुद्यात स्पष्ट असू द्या. त्या ताईची आजी आता थकली आहे. तिच्या आठवणीतली ती सात लग्ने कागदावर आली नसती, तर कोर्टात दाखवायला आमच्याकडे काहीच नव्हते.

जयभीम!