‘येतो’ म्हणून जाणे

चंडीगढला शेजारी बसायला गेलेली मराठी गृहिणी निघताना सवयीने म्हणते, ‘अच्छा, आती हूँ.’ पंजाबी यजमानीण दार उघडेच ठेवते. बाई काही आणावयास गेल्या असून आता परततील, असे तिला वाटते. तिच्या बोलीत निरोपाचा शब्द ‘चलदी हां’ असा असतो. मराठी बाईने शब्दाचे भाषांतर केले खरे, पण त्यामागचा संकेत घरीच राहिला.

हा संकेत ‘जाणे’ या क्रियापदाच्या पोटात आहे. त्याचा वर्तमानकाळ संस्कृत ‘या’ धातूपासून आला, आणि भूतकाळ ‘गत’ या रूपापासून; म्हणून ‘जातो’ पण ‘गेला’. हिंदीतील ‘गया’ आणि पंजाबीतील ‘गिआ’ यांचेही मूळ तेच. मात्र मराठीत ‘आजोबा पहाटे गेले’ एवढे म्हटले, की ‘कोठे?’ असे सहसा कोणी विचारीत नाही. म्हणूनच उंबरठ्यावर ‘जातो’ म्हणावयाचे नाही. निघणाऱ्याने ‘येतो’ म्हणावे, घरच्यांनी ‘ये हो’ म्हणावे. चंडीमंदिरच्या छावणीतून सीमेवर निघालेला मराठी जवान ‘येतो’ म्हणतो, तेव्हा त्या दोन अक्षरांवर केवढा भार असतो, हे दारात उभ्या राहिलेल्यांना ठाऊक असते.

तर्काने पाहिले तरी हा प्रयोग अगदीच निराधार नाही. ‘उद्या तुमच्याकडे येतो’ असे सांगणारा स्वतःच्या घरापासून दूरच जाणार असतो. पण तो ऐकणाऱ्याच्या ओसरीवर बसून स्वतःकडे पाहतो, आणि तेथून ते येणेच दिसते. निरोपाच्या ‘येतो’मध्ये तो परतीच्या दिवशीच्या उंबरठ्यावरून पाहतो, इतकेच.

‘येणे’ मराठीत आणखीही एक काम करते. ‘मला पोहता येत नाही’ यात कौशल्याचा अभाव आहे. हिंदीतही ‘तैरना नहीं आता’ म्हणतात. परंतु 1958 साली बांधलेल्या सुखना तलावाकाठी ‘येथे पोहता येणार नाही’ असे म्हटले, तर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही ते लागू पडते. येथे मनाईचा अर्थ आहे. हिंदीत या ठिकाणी ‘आना’ चालत नाही, ‘सकना’ घ्यावे लागते. चंडीगढला वाढणारी मराठी मुले नेमकी येथेच अडखळतात, आणि ‘मी इथे पोहू सकत नाही’ असे काहीतरी बोलून जातात. ते ऐकून घरची मंडळी हसतात आणि सोडून देतात.

दुसरी चूक मात्र सोडली जात नाही. ‘आजी, मी जातो,’ म्हणत दप्तर उचलून पोर जिन्याकडे धावते, आणि आतून हाक येते, ‘येतो म्हण!’ शाळेची बस खाली उभी असली, तरी त्याला मागे वळून तेवढे म्हणावे लागते.