घराबाहेरची शिदोरी : महापुरापूर्वी सामग्री अन्यत्र ठेवण्याविषयी

दुष्काळनिवारणाचे काम करणाऱ्या कमिटीने आपल्या अहवालात महापुराविषयी लिहावे, हे काही वाचकांस विसंगत वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या सांगली जिल्ह्यातील जत, आटपाडी, कवठे महांकाळ हे तालुके २०१८-१९ साली दुष्काळाने होरपळत होते, त्याच जिल्ह्यातील पलूस, वाळवा व मिरज तालुक्यांची नदीकाठची गावे ऑगस्ट २०१९ मध्ये पाण्याखाली गेली. एकाच जिल्ह्यावर एकाच वर्षात ही दोन्ही संकटे येतात, तेव्हा त्यांचा विचारही एकत्र होणे युक्त होय. मात्र दोहोंत एक मोठा भेद आहे. दुष्काळात ज्याच्या कणगीत दाणा आहे तो तगतो. महापुरात कणगीच बुडते. सबब घरातील साठ्याचा एक हिस्सा घराबाहेर, पुराच्या पाण्यास न पोचणाऱ्या जागी, संकट येण्यापूर्वीच पोचलेला असावा, एवढेच या लेखात सांगावयाचे आहे.

साठ्याची जागा संकटाचे स्वरूप पाहून ठरवावी लागते. सांगलीलगतच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. जमिनीत खोल खणून तोंड बंद केलेल्या या कोठारांत हवेचा शिरकाव नसल्याने कीड लागत नसे, आणि चोराचे व अग्नीचेही भय कमी असे. पूर्वजांच्या या योजनेत मोठे शहाणपण होते. तथापि २००५ च्या महापुराचे पाणी त्या पेवांत शिरले व हळदीची नासाडी झाली. अग्नीपासून वाचविणारी जागा पाण्यापासून वाचवीलच असे नाही, हे यावरून दिसून येईल.

दुसरा मुद्दा याहून महत्त्वाचा आहे. सूचना मिळूनही माणसे घर का सोडीत नाहीत, असे शहरातील गृहस्थ वारंवार विचारतात. याचे उत्तर अज्ञान किंवा हट्ट असे देणे अन्यायाचे होईल. वर्षाचे धान्य, जमिनीचे कागद, दावणीची जनावरे, मुलांच्या शाळेचे दाखले हे सर्व त्या चार भिंतींत असते. ते टाकून रिकाम्या हातांनी परक्या ओसरीवर जाणे म्हणजे याचक होणे, असे मानी कुटुंबास वाटते. मग पाऊल अखेरच्या घटकेस निघते, आणि अखेरच्या घटकेस रस्ता नसतो, नाव असते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळ येथे पूरग्रस्तांची नाव उलटून कित्येकांचे प्राण गेले, हे वाचकांच्या स्मरणात असेलच. आठवड्याची शिदोरी आधीच सुरक्षित जागी असेल, तर घरातून निघताना मन अडत नाही. अन्यत्र ठेवलेला साठा पोट भरतोच. पण त्याचा खरा उपयोग वेळेवर पाय काढता यावा हा आहे.

कृष्णा व पंचगंगा यांचे पूर भूकंपासारखे अकस्मात येत नाहीत, हे आपले भाग्य समजावे. सांगलीस आयर्विन पुलापाशी ४० फूट ही इशारा पातळी व ४५ फूट ही धोका पातळी ठरलेली आहे. कोल्हापुरास राजाराम बंधाऱ्यापाशी हेच आकडे ३९ व ४३ फूट आहेत. २०१९ साली सांगलीस पाणी ५७ फुटांवर व कोल्हापुरास ५५ फुटांवर गेले होते. आपल्या घराचा उंबरा किती फुटांस भिजतो हे काठावरचा मनुष्य जाणतो. त्याहून अगत्याचे हे की, गावाबाहेर पडण्याचा रस्ता किती फुटांस बंद होतो हे त्याने जाणावे. निघण्याची वेळ या दुसऱ्या आकड्यावरून ठरवावी.

आता स्थळाविषयी. जागा उंचावर असावी, डोंगराच्या उताराखाली नसावी आणि शक्य तर चालत गाठता यावी. ती नदीच्या आपल्याच तीरावर असावी, कारण पुरात पूल प्रथम बंद होतात. पलीकडच्या तीरावरील मामाचे घर कितीही मायेचे असले तरी त्या दिवशी ते परदेशच होय. केवळ मोठ्या रस्त्याच्या भरवशावरही राहू नये. पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्ग २०१९ व २०२१ या दोन्ही साली कोल्हापूरजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला होता. कोल्हापूरजवळील प्रयाग चिखलीच्या ग्रामस्थांस १९८९ च्या पुरानंतर सोनतळी येथे उंचावर जागा देण्यात आल्या, आणि पूर आला म्हणजे तेथील मंडळी जनावरांसह तिकडे जातात. जाण्याचे ठिकाण आधीच ठरलेले असणे ही अर्धी तयारी होय. तेथे सामग्री ठेवली म्हणजे उरलेली अर्धी पुरी झाली.

सामग्री किती असावी याचा हिशेब कठीण नाही. दर माणशी दिवसाला ४०० ग्रॅम धान्य व ६० ग्रॅम डाळ धरल्यास पाच माणसांच्या घरास आठवड्यास १४ किलो धान्य व सुमारे २ किलो डाळ लागते. परंतु पहिले दोन दिवस सरपण ओले व चूल नसलेली असते. त्यासाठी पोहे, चुरमुरे, फुटाणे, शेंगदाणे, गूळ व सातूचे पीठ घट्ट झाकणाच्या डब्यांत असावे. पुरात पाणी सर्वत्र असते, पण पिण्यास नसते. म्हणून झाकणाची स्वच्छ भांडी व पाणी शुद्ध करण्याचे औषध अवश्य ठेवावे. अतिसारावर, एक लिटर शुद्ध पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ हे मिश्रण उपयोगी पडते, तेव्हा साखर-मीठही त्यात असू द्यावे. रोज घ्यावयाच्या औषधांचा आठवड्याचा पुरवठा व वैद्याच्या चिठ्ठीची नक्कल ठेवावी; मात्र थंड जागी ठेवावी लागणारी औषधे निघतानाच बरोबर घ्यावीत.

जनावरांस विसरून चालणार नाही, कारण त्यांच्यापायीच अनेक शेतकरी मागे राहतात. मोठ्या जनावरास दिवसाला सहा-सात किलो कडबा धरला, तर दोन जनावरांस आठवड्यास सुमारे ९० किलो लागेल. एवढी गंज उंचावरच्या सोयऱ्याच्या खळ्यात रचून ठेवणे अशक्य नाही.

कागदपत्रांविषयी वकिलीच्या अनुभवावरून दोन शब्द लिहितो. नोंदणी झालेल्या दस्तांच्या प्रमाणित नकला दुय्यम निबंधकाच्या कचेरीतून मिळतात. त्या काढून दूरच्या आप्ताकडे ठेवाव्यात. मूळ दस्त नष्ट झाल्यास योग्य तऱ्हेने सिद्ध केलेला दुय्यम पुरावा न्यायालय ग्राह्य धरते. शिधापत्रिका, आधारपत्र, बँकेचे पुस्तक व विम्याचा कागद यांच्याही नकला असाव्यात. दुसऱ्याच्या घरी वस्तू ठेवणे यास करार अधिनियम, १८७२ च्या कलम १४८ मध्ये निक्षेप म्हटले आहे. आणि सामान्य शहाणा मनुष्य स्वतःच्या वस्तूंची घेतो तितकी काळजी ठेवणाऱ्याने घ्यावी, असे कलम १५१ सांगते. तेवढी काळजी घेऊनही नुकसान झाल्यास, वेगळा करार नसेल तर, कलम १५२ अन्वये त्याच्यावर दोष येत नाही. म्हणून वस्तूंची यादी दोन प्रतींत करून दोघांनी सह्या कराव्यात व एकेक प्रत ठेवावी. जवळच्या नात्यात कागद कशाला, असे म्हणू नये. नाते टिकावे म्हणूनच तो कागद.

साठा वर्षभर पडून राहिल्यास त्यास पोरकिडे लागतील. आमची सूचना अशी की, मृगापूर्वी सामग्री पोचवावी, आषाढ-श्रावणात एकदा पाहून यावी आणि दसऱ्यानंतर परत आणून घरीच खावी. २००५, २०१९ व २०२१ चे पूर आषाढ-श्रावणातलेच होते. अशा रीतीने दाणाही वाया जात नाही व खर्चही वाढत नाही.

येथे एक रास्त आक्षेप निघेल. ज्याचे हातावर पोट आहे, त्याने आठवड्याचे धान्य बाजूस काढावे कोठून? आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये शासनाची कर्तव्ये आहेत, आणि त्यांची मागणी करण्याचा नागरिकांस हक्क आहे. परंतु मदतीची गाडी पाण्यातून येण्यास दिवस लागतात, आणि भूक तितकी थांबत नाही. सबब अशा कुटुंबांसाठी प्रत्येक काठच्या गावाचा सामाईक साठा उंचावरील शाळेत, मठात किंवा सोसायटीच्या गुदामात असावा, असे आमचे मत आहे.

यासाठी आम्ही वाचकांजवळ तीन गोष्टी मागतो. ज्यांची घरे उंचावर आहेत त्यांनी चार महिने एक कोरडी खोली द्यावी. ज्यांच्या घरी धान्य आहे त्यांनी मृगापूर्वी पायलीभर दाणे या साठ्यास द्यावेत. आणि ज्यांजवळ दोन्ही नाही, त्यांनी शेजारच्या वृद्धास व विधवेस बरोबर घेऊन वेळेवर निघण्याचे वचन द्यावे. हे तिसरे दान आम्ही पहिल्या दोहोंपेक्षा कमी मानीत नाही. पाऊस आपल्या विनंतीने थांबणार नाही. दाणा मात्र आपल्या हाताने वेळेत उंचावर जाऊ शकतो. तो न्यावा, अशी सर्व बंधुभगिनींस नम्र विनंती आहे.