पित्तापासून प्रकाशापर्यंत

पित्त हा शब्द आपल्या बोलण्यात चांगल्या अर्थाने क्वचितच येतो. राग आला की पित्त खवळते. उपास लांबला, जागरण झाले की पित्त होते. अंगावर गांधी उठल्या तरी दोष पित्ताच्याच माथी येतो. बालाघाटात आमची शाळा हिंदी माध्यमाची असली तरी पुष्कळ मुलांच्या घरी मराठी किंवा पोवारी बोलली जाते, आणि हा शब्द तिन्ही भाषांत सारखाच बदनाम आहे. विज्ञानाचे शिक्षक पित्तातील अम्लांविषयी सांगत असता एका मुलीने विचारले, "सर, मग ते आंबट लागते का?" शिक्षकांनी हा प्रश्न मधल्या सुट्टीत माझ्यापुढे ठेवला. मी कलाशाखेचा पदवीधर. माझ्यापाशी उत्तर नव्हते. ते शोधता शोधता मी बंगळूरच्या एका रसायनशास्त्रज्ञाच्या कार्यापर्यंत येऊन पोहोचलो. त्याची ओळख साहित्याच्या वाचकांनाही व्हावी असे वाटते.

प्रथम त्या मुलीचे उत्तर. घशाशी येणारे आंबट पाणी हे जठरातील हायड्रोक्लोरिक अम्ल होय. त्याचा यकृतात तयार होणाऱ्या खऱ्या पित्ताशी संबंध नाही. पित्त कडू असते आणि ते किंचित अल्कधर्मी असते. त्यातील अम्ले क्षाररूपाने वावरतात आणि साबणाचे काम करतात. जेवणातील तुपातेलाचे बारीक थेंब करून ते पाण्यात मिसळते राखणे, हे त्यांचे शरीरातील मुख्य कर्तव्य. काम संपल्यावर ती वाया जात नाहीत. लहान आतड्याच्या शेवटच्या भागातून सुमारे ९५ टक्के परत शोषली जाऊन यकृताकडे जातात, आणि दिवसातून अनेक वेळा हा फेरा होतो. यकृताला रोज जेमतेम अर्धा ग्रॅम नवी भर घालावी लागते. इतका काटकसरीचा संसार आपल्याच पोटात चालतो आणि आपण मात्र त्याच्या नावाने बोटे मोडतो!

आपल्या पूर्वजांनी पित्ताकडे अगदीच पाठ फिरविली होती असेही नाही. संस्कृत काव्यात ज्याचे तिलक येतात ते गोरोचन म्हणजे गाईच्या पित्ताशयातील खडाच. त्याचा पिवळा रंग पित्तातील रंगद्रव्याचा असतो. शुद्ध पित्ताम्ले पांढरी असतात. युरोपातही रसायनज्ञांनी बैलाच्या पित्तापासूनच आरंभ केला. १८२७ साली टीडेमान आणि ग्मेलिन यांना त्यात जो पदार्थ सापडला, त्याला पुढे बैलाच्या लॅटिन नावावरून टॉरिन म्हणू लागले. पित्ताम्लांची रचना उलगडण्याबद्दल हाइन्रिख वीलांट यांना १९२७ सालचे नोबेल पारितोषिक मिळाले, आणि गंमत अशी की त्यांनी मांडलेली रचना पुरती बरोबर नव्हती! १९३२ मध्ये क्ष-किरणांच्या पुराव्याने ती दुरुस्त करावी लागली.

त्या दुरुस्त रचनेतच पुढील सारी कथा साठलेली आहे. कोलिक अम्ल हे यांतील प्रमुख. त्याच्या रेणूत कार्बनचे २४ अणू असून त्यांतील बहुतेक एकमेकांना जोडलेल्या चार कड्यांत गुंफलेले असतात. या चौकटीला दोन बाजू आहेत. पाण्याची ओढ असणारे तीन हायड्रॉक्सिल गट एका बाजूस, आणि पाणी नको असलेले तेलकट अंग दुसऱ्या बाजूस. अळूचे पान डोळ्यांपुढे आणावे. मात्र त्याची एक बाजू थेंब झटकून टाकते आणि दुसरी पाण्याने चिंब होते अशी कल्पना करावी. नेहमीच्या साबणाला डोके आणि शेपूट असते. कोलिक अम्लाला तोंड आणि पाठ आहे म्हटले तरी चालेल.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील उदय मैत्र यांनी हा रेणू आपल्या संशोधनाचा मुख्य विषय केला. तत्पूर्वी अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात रोनाल्ड ब्रेस्लो यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळविली होती. ब्रेस्लो यांनी १९८० साली दाखवून दिले होते की तेलकट स्वभावाच्या काही रेणूंची परस्परांशी होणारी अभिक्रिया पाण्यात विलक्षण वेगाने होते. पाणीच त्यांना एकमेकांकडे लोटते. गुरुशिष्यांनी १९८४ मध्ये याच प्रकारच्या अभिक्रियेवर एकत्र निबंधही लिहिला. पाणी आणि पाण्याला भिणारे रेणू यांचे हे भांडण मैत्र यांच्या कामात पुढेही सतत दिसते. पित्ताम्लाच्या चौकटीवर त्यांनी इतर रेणूंना पकडून धरणारे रेण्वीय चिमटे बनविले. २००१ साली त्यांना शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी त्यांच्या गटाने कोलिक अम्लाच्या तीन शाखा एका मध्यबिंदूला जोडलेला तिपाई रेणू जगापुढे मांडला. मुख्यतः पाणी असलेल्या द्रवात तो थोडासा घातला की सारा द्रव खळीसारखा गोठतो. त्या गोठलेल्या जाळ्यात पाण्यापासून लपण्यासारखे तेलकट कोनाडे आहेत, हे रंगद्रव्याच्या बदलत्या रंगावरून डोळ्यांना दिसले.

त्या कोनाड्यांत पुढे दिवे लागले. पण हे सांगण्यापूर्वी थोडे आमच्या गावाकडे वळतो. बालाघाट मँगेनीजचे गाव आहे. भरवेलीच्या खाणीतले खनिज बहुतांशी पोलादाच्या कामी जाते. पण हेच मूलद्रव्य अगदी अल्प प्रमाणात जुन्या ट्यूबलाइटच्या आतल्या पांढऱ्या भुकटीतही असे. नळीतील पाऱ्याच्या वाफेतून निघणारे अदृश्य जंबुपार किरण मँगेनीजला नीट टिपता येत नाहीत. म्हणून भुकटीत अँटिमनी मिसळत. ती किरण टिपून काही निळा प्रकाश स्वतः देई आणि उरलेली ऊर्जा शेजारच्या मँगेनीजला देई; मग मँगेनीज नारिंगी प्रकाश देई. दोन्ही मिळून घरात पांढरा उजेड पडे. एकाने मिळवावे आणि दुसऱ्याने उजळावे, अशी ही व्यवस्था.

टर्बियम आणि युरोपियम या दुर्मिळ मृदा वर्गातील धातूंचेही असेच आहे. टर्बियमचा प्रकाश हिरवा आणि युरोपियमचा तांबडा, पण स्वतः प्रकाश शोषण्याच्या कामी दोघेही आळशी. त्यांच्याजवळ योग्य सेंद्रिय रेणू असला तर तो अँटेनासारखा ऊर्जा ग्रहण करून त्यांना देतो, हे १९४२ पासून ठाऊक होते. अडचण पाण्याची होती. पाण्याचे रेणू धातूला बिलगले की मिळालेली ऊर्जा कंपनांत उधळून टाकतात आणि दिवा मंदावतो. मैत्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० च्या सुमारास दाखविले की सोडियम कोलेटच्या द्रावणात या धातूंचे क्षार मिसळताच द्रावण गोठते, आणि त्या जेलमध्ये अँटेनाचे रेणू अत्यल्प प्रमाणात घातले तरी धातू झळकू लागतो. अँटेनाला धातूशी रासायनिक बंधाने जोडण्याचे कष्टच उरले नाहीत. दोघेही त्या जाळ्यात आपोआप शेजारी येतात. ज्या चुलीवर तेलपाणी एकत्र नांदते, तिथेच हा दिवा लागला म्हणायचा.

पुढची युक्ती मला सर्वांत सुंदर वाटते. अँटेनाच्या रेणूवर एक टोपण चढवायचे. टोपण असेतो तो ऊर्जा पोहोचवू शकत नाही, जेल अंधारातच राहते. ते टोपण असे निवडायचे की एक विशिष्ट विकर, म्हणजे सजीवांतील अभिक्रिया घडवून आणणारे प्रथिन, तेवढेच ते कापू शकेल. नमुन्यात ते विकर असले की टोपण निघते आणि जंबुपार दिव्याखाली हिरवा प्रकाश दिसू लागतो. अशा साधनांच्या कुळाला जैवसंवेदक म्हणतात. १९६२ मध्ये लेलंड क्लार्क यांनी विकराच्या साहाय्याने ग्लुकोज मोजण्याची कल्पना मांडली, आणि मधुमेहाच्या रोग्यांच्या घरोघरी आज असलेले छोटे यंत्र तिचाच वंशज आहे. तेथे विकर हे मोजण्याचे साधन असते. येथे शोध विकराचाच आहे. पुढे या गटाने ही जेल कागदाच्या लहान चकत्यांवर उतरविली. त्यामुळे महागड्या यंत्रावाचून नुसत्या डोळ्यांनी निदान करण्याची वाट मोकळी झाली.

याचा आम्हांस काय उपयोग, असे कोणी विचारील. काही वर्षांपूर्वी पावसाळ्यात आमच्या शाळेतील बरीच मुले जुलाबाने आजारी पडली. विहिरीच्या पाण्याचा नमुना एका कार्यालयाकडे पाठविला. अहवाल आला तेव्हा मुले बरी होऊन वर्गात बसू लागली होती, आणि दरम्यान आम्ही तेच पाणी उकळून की न उकळता वापरावे याचा निर्णय अंदाजानेच घेत होतो. पाणी दूषित करणाऱ्या आतड्यातील जंतूंपाशी बीटा-गॅलॅक्टोसिडेज नावाचे विकर असते, आणि पाणी तपासण्याच्या प्रचलित पद्धतींत त्याचा माग काढला जातो. विकर ओळखणारी कागदी चकती या कामाला किती जवळची आहे, हे वाचकांच्या ध्यानात येईलच.

मात्र येथे उतावीळ होऊ नये. पिण्याच्या शंभर मिलिलिटर पाण्यात असा एकही जंतू असू नये असा दंडक आहे. इतक्या थोड्या जंतूंचे विकर दिसण्याजोगे होण्यास त्यांना आधी काही तास पोषक द्रवात वाढू द्यावे लागते. कागद कितीही चतुर असला तरी हा वेळ टळत नाही. शिवाय जेल वाळू नये, उन्हाळ्यातील ४५ अंशांच्या तापमानात टिकावी, जंबुपार दिवा हाताशी असावा, आणि चकती पाहणाऱ्याला हिरवा प्रकाश व कागदाची स्वतःची निळसर झाक यांतील फरक कळावा. प्रयोगशाळेपासून वैनगंगेच्या काठच्या विहिरीपर्यंतचा रस्ता अशा लहानसहान अडचणींनी भरलेला आहे. त्या सोडविण्याचे काम निराळ्या माणसांचे आहे, आणि त्याला पारितोषिके सहसा मिळत नाहीत.

त्या मुलीला मी दुसऱ्या आठवड्यात बोलावून सांगितले की पित्त आंबट नसते, कडू असते. तिने लगेच विचारले, "चाखून कोणी पाहिले?" आता त्याचा शोध चालू आहे.