केमहून विद्यापीठाच्या ग्रंथालयात

करमाळा तालुक्यातले केम हे कुंकवाचे गाव. कुर्डुवाडी जंक्शनजवळच्या या लहानशा स्थानकापासून केगावच्या पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचा परिसर शंभरेक किलोमीटरवर आहे. समजा, इथल्या एखाद्या विद्यार्थिनीला रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पासाठी गावचाच विषय घ्यायचा आहे: हळदीतले कर्क्युमिन आम्लारीच्या संपर्कात लाल का होते, आणि हळदीऐवजी कृत्रिम रंग घातलेल्या कुंकवाने कपाळावर चट्टे का उठतात. या विषयावर शास्त्रीय साहित्य भरपूर आहे. पुद्दुचेरीच्या जिपमेर संस्थेतल्या डॉक्टरांनी कुंकवाने त्वचादाह झालेल्या 46 रुग्णांचा अभ्यास 2007 साली ‘क्लिनिकल अँड एक्सपेरिमेंटल डर्मटॉलॉजी’ या ब्रिटिश नियतकालिकात प्रसिद्ध केला होता. म्हणजे केमच्या उंबरठ्यावरचा प्रश्न, भारतीय डॉक्टरांचे संशोधन आणि लेख मात्र परदेशी प्रकाशकाच्या कुलपात. हे कुलूप कोणासाठी, कशाने आणि किती काळ उघडते याबद्दल विद्यार्थी, पालक, एवढेच काय प्राध्यापकांमध्येही बरेच गैरसमज आहेत. गेल्या दोन वर्षांत ऑनलाइन ग्रंथालयांची व्यवस्था बदलल्यामुळे त्यांत भरच पडली आहे.

सगळ्यात मोठा गैरसमज ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ या योजनेविषयी आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने 25 नोव्हेंबर 2024 रोजी तिला मंजुरी दिली आणि जानेवारी 2025 पासून ती सुरू झाली. 2025, 2026 आणि 2027 या तीन वर्षांसाठी 6,000 कोटी रुपयांची तरतूद, 30 आंतरराष्ट्रीय प्रकाशक, सुमारे 13,000 ई-नियतकालिके, 6,300 च्या वर संस्था आणि अंदाजे 1 कोटी 80 लाख विद्यार्थी-संशोधक असा तिचा आवाका सांगितला गेला. बातम्यांच्या मथळ्यांवरून अनेकांनी असा अर्थ काढला की आता प्रत्येक भारतीयाला जगातले सगळे संशोधन फुकट वाचायला मिळणार. तसे नाही. पहिला टप्पा केंद्र आणि राज्य शासनाच्या व्यवस्थापनाखालील उच्च शिक्षण संस्था आणि केंद्राच्या संशोधन संस्था यांच्यापुरता आहे. खासगी संस्था आणि सार्वजनिक ग्रंथालयांतून सर्वसामान्य वाचक हे पुढच्या टप्प्यांचे विषय आहेत. केमच्या ग्रामस्थाला आज स्वतःच्या नावाने या योजनेत जाता येत नाही. विद्यापीठाच्या विभागात शिकणाऱ्या केमच्या मुलीला जाता येते.

महाराष्ट्रात इथे एक खास गुंता आहे. आपली बहुतेक महाविद्यालये शिक्षणसंस्थांनी काढलेली आहेत. प्राध्यापकांचा पगार शासन देते आणि कारभार संस्था पाहते. ‘पगार सरकारचा, म्हणजे कॉलेज सरकारी’ असे गावात सर्रास म्हटले जाते, पण अनुदान आणि व्यवस्थापन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि योजनेचा निकष व्यवस्थापनाचा आहे. सोलापूर विद्यापीठाशी संलग्न असल्यामुळे महाविद्यालयाला विद्यापीठाची सगळी ऑनलाइन संसाधने आपोआप मिळतात, हाही याच गैरसमजाचा धाकटा भाऊ. संलग्नतेमुळे अभ्यासक्रम, परीक्षा आणि पदवी मिळते. प्रकाशकाच्या करारात महाविद्यालयाचे नाव नसेल तर नियतकालिके मिळत नाहीत. अशा महाविद्यालयांसाठी गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राची एन-लिस्ट ही सेवा 2010 पासून आहे. सहा हजारांहून अधिक नियतकालिके आणि जवळजवळ दोन लाख ई-पुस्तके असा तिचा पसारा असून पात्र अनुदानित महाविद्यालयांसाठी तिची वार्षिक वर्गणी 5,000 रुपये अधिक कर एवढी ठेवलेली आहे. एका महाविद्यालयाच्या वर्षाच्या वर्तमानपत्रांचे बिल यापेक्षा फार कमी येत नसावे. तेव्हा करमाळा, कुर्डुवाडी किंवा बार्शीला शिकणाऱ्या मुलांना ‘आपल्याकडे काही मिळत नाही’ असे वाटत असेल, तर आधी वर्गणी भरली आहे का आणि विद्यार्थ्यांची खाती काढली आहेत का, हे पाहायला हवे. अनेकदा अडचण पैशाची नसते; खाती काढण्याचे काम कोणी मनावर घेतलेले नसते.

खात्याचा मुद्दा नीट समजून घ्यायला हवा, कारण या सगळ्या व्यवस्थेचा कणा तोच आहे. विद्यापीठाच्या आवारातल्या संगणकावर लेख उघडतो आणि घरी मोबाइलवर तोच दुवा पैसे मागतो, असा अनुभव आला की ‘साइट बंद पडली’ किंवा ‘सेवा काढून घेतली’ असा निष्कर्ष निघतो. प्रत्यक्षात आवारातल्या इंटरनेट जोडणीचा क्रमांक प्रकाशकाकडे नोंदलेला असतो, म्हणून तिथे काही विचारले जात नाही. आवाराबाहेर वाचक कोण हे प्रकाशकाला कळत नाही. त्यासाठी इन्फ्लिबनेटचीच इन्फेड नावाची ओळखव्यवस्था आहे. संस्थेने विद्यार्थ्याचे खाते काढून दिले की तो प्रकाशकाच्या पानावर संस्थेमार्फत प्रवेश करण्याचा पर्याय निवडतो, आपल्या संस्थेचे नाव शोधतो आणि पासवर्ड टाकतो. मग केम काय आणि केगाव काय, तोच लेख तसाच उघडतो. एखादा लेख उघडला नाही तर पत्ताही तपासून पाहावा. वर सांगितलेले त्वचारोगांचे नियतकालिक 2022 पर्यंत वायली काढत असे, 2023 पासून ते ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसकडे गेले. जुन्या टिपणातला दुवा चालला नाही म्हणून लेख नाहीसा झाला असे समजू नये. हे दोन्ही प्रकाशक योजनेत आहेत.

‘विद्यापीठाने एवढी नियतकालिके घेतली’ असे आपण म्हणतो तेव्हा ती कपाटातल्या पुस्तकांसारखी विद्यापीठाच्या मालकीची झाली असे गृहीत धरतो. इथे मात्र व्यवहार खंडाने केलेल्या रानासारखा आहे: मुदत आहे तोवर पीक आपले, मुदत संपली की बांधाबाहेर. कॅलिफोर्निया विद्यापीठाचे उदाहरण यासाठी बोलके आहे. एल्सव्हियर या प्रकाशकाशी बोलणी फिसकटल्यावर फेब्रुवारी 2019 मध्ये त्यांनी करार सोडला आणि जुलैपासून नव्या लेखांचा प्रवेश बंद झाला. मार्च 2021 मध्ये नवा करार होईपर्यंत जगातल्या अत्यंत श्रीमंत विद्यापीठांपैकी एकाच्या प्राध्यापकांना लेख मिळवण्यासाठी आडवाटा शोधाव्या लागल्या. आपल्याकडे पूर्वी वेगवेगळ्या मंत्रालयांचे आणि संस्थांचे स्वतंत्र ग्रंथालय-संघ असे करार करीत. विद्यापीठांसाठी ई-शोधसिंधू होते. आता ही बोलणी केंद्रीय पातळीवर एकत्र आली आहेत. त्यामुळे घासाघीस करण्याची ताकद वाढली आणि लहान विद्यापीठांचा मोठा फायदा झाला. 2004 साली स्थापन झालेल्या, एकाच जिल्ह्यापुरत्या सोलापूर विद्यापीठाकडे मुंबई-पुण्याच्या विद्यापीठांसारखे अनेक दशकांचे बांधीव अंक असणे शक्यच नव्हते. पण त्याचबरोबर सगळ्यांचे नशीब एकाच कराराला बांधले गेले, हेही खरे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलका नाही. भारतीय करदात्याच्या पैशातून झालेले संशोधन परदेशी प्रकाशक फुकट घेतात आणि त्याच करदात्याला पुन्हा विकतात. मग 6,000 कोटी त्यांना देण्यापेक्षा खुली नियतकालिके का उभी करू नयेत? तत्त्व म्हणून आक्षेप बरोबर आहे. हिशेब मात्र मांडून पाहावा. तीन वर्षांचे 6,000 कोटी म्हणजे वर्षाला 2,000 कोटी, आणि लाभार्थी 1 कोटी 80 लाख धरले तर माणशी वर्षाला साधारण 1,100 रुपये. एल्सव्हियर, स्प्रिंगर किंवा वायलीचा एकच लेख सुटा विकत घ्यायला तीस-चाळीस डॉलर, म्हणजे अडीच ते साडेतीन हजार रुपये पडतात. तेव्हा खर्च अवाजवी आहे असे म्हणता येत नाही, वापर झाला तर. आणि खरी मेख या ‘वापर झाला तर’मध्येच आहे. खाते नसलेला विद्यार्थी लाभार्थ्यांच्या आकड्यात मोजला जातो, पण लेख वाचत नाही. खुल्या नियतकालिकांची लढाई लढलीच पाहिजे. तिचा निकाल लागेपर्यंत यंदा प्रकल्प करणाऱ्या मुलीने थांबून राहावे, हे मात्र पटण्यासारखे नाही.

दुसरा आक्षेप तरुणांकडून येतो: हे सगळे कशाला, गुगलवर आणि टेलिग्रामवर सगळे मिळते. सगळे मिळत नाही. गुगल लेखाचे नाव आणि सारांश दाखवते, मजकूर बहुतेकदा कुलपातच असतो. साय-हब या संकेतस्थळाविरुद्ध तीन प्रकाशकांनी डिसेंबर 2020 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला. त्यानंतर तिथे नव्या लेखांची भर जवळपास थांबली आणि ऑगस्ट 2025 मध्ये न्यायालयाने ते भारतात बंद करण्याचा आदेश दिला. ‘शिक्षणासाठी नक्कल केली तर चालते’ हे वाक्य लोक दिल्ली विद्यापीठाच्या फोटोकॉपी खटल्यावरून उचलतात. 2016 च्या त्या निकालाने अभ्यासक्रमासाठी वर्गात वापरायच्या प्रतींना मोकळीक दिली, हे खरे. पण त्यातून अख्खी पुस्तके समूहांवर वाटण्याचा परवाना निघत नाही. कायदेशीर प्रवेश मिळाल्यावरही एक पथ्य आहेच: एखाद्या नियतकालिकाचे अंकच्या अंक यंत्राने उतरवून घेणे करारात निषिद्ध असते. एकाने तसे केले तर प्रकाशक संपूर्ण संस्थेचा प्रवेश थांबवू शकतो.

फुकट आणि कायदेशीर असे पुष्कळ आहे आणि त्याकडे आश्चर्यकारक दुर्लक्ष होते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2009 च्या नियमांमुळे आकाराला आलेला शोधगंगा हा प्रबंधांचा साठा पाच लाखांच्या पुढे गेला आहे आणि तो वाचायला खाते लागत नाही. सोलापूर जिल्ह्यावरचे जुने प्रबंध शोधताना शिवाजी विद्यापीठाच्या विभागातही पाहावे, कारण 2004 पर्यंत इथली महाविद्यालये कोल्हापूरलाच संलग्न होती. आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय 2018 पासून सर्वांसाठी विनामूल्य आहे. ‘मराठीत मात्र काहीच नाही’ ही तक्रार अर्धीच खरी आहे. शास्त्रीय नियतकालिके इंग्रजीत आहेत आणि नजीकच्या काळात ते बदलेल अशी चिन्हे दिसत नाहीत. पण मराठी विश्वकोश ऑनलाइन आहे, साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तके मंडळाच्याच संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात, आणि 1884 चे सोलापूर गॅझेटियर इंग्रजीत का होईना, घरबसल्या चाळता येते. लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी आपल्याकडे स्वामित्वहक्क संपतो. म्हणून 1950 साली गेलेल्या साने गुरुजींचे लेखन 2011 पासून सर्वांचे झाले आहे. ते डिजिटल रूपात वाटायला कोणाची परवानगी लागत नाही.

आता राहिला ग्रंथपाल. सगळे ऑनलाइन झाले, मग ग्रंथपालाचे पद भरायचे कशाला, असा प्रश्न संस्थाचालकांच्या बैठकीत विचारला जातो आणि विचारणाऱ्याला तो व्यवहारी वाटतो. वर वर्णन केलेली कामे एकदा नीट पाहावीत: दरवर्षी वर्गणी भरणे, प्रवेश घेतलेल्यांची खाती काढणे, शिकून गेलेल्यांची बंद करणे, हरवलेले पासवर्ड, बदललेले पत्ते, अडलेल्या विद्यार्थ्याला नेमका लेख काढून दाखवणे, खोट्या नियतकालिकांपासून त्याला सावध करणे. यातले शेवटचे काम तर आता अधिक जोखमीचे झाले आहे. संशोधन कुठे छापावे यासाठीची यूजीसी-केअर यादी आयोगाने फेब्रुवारी 2025 मध्ये बंद केली आणि पारख करण्याची जबाबदारी संस्थांवर टाकली. पूर्वी ग्रंथपाल नसला तर कपाटांना कुलूप लागे आणि ते सगळ्यांना दिसे. आज ग्रंथपाल नसला तर फक्त एक पासवर्ड तयार होत नाही, आणि ती उणीव कोणाच्या लक्षातही येत नाही. ज्या जागेवर माणूस नाही तिथे तेरा हजार नियतकालिकांचा आकडा कागदावरच राहतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

महाविद्यालयात प्रवेश घेतलेल्या प्रत्येकाने या महिन्यात ग्रंथालयात जाऊन तीन गोष्टी विचाराव्यात: आपली संस्था वन नेशन वन सबस्क्रिप्शनच्या यादीत आहे का, नसल्यास एन-लिस्टची यंदाची वर्गणी भरली आहे का, आणि माझे खाते कधी मिळेल. सध्याच्या योजनेची मुदत डिसेंबर 2027 पर्यंत आहे.