नवा चहा नावडता का ठरतो?

दार्जिलिंगची सहल करून आलेले कोणीतरी चहाचे पाकीट भेट देते. घरात ते कौतुकाने उघडले जाते. नेहमीप्रमाणे आधण ठेवले जाते, साखर पडते, आलं किसले जाते, चार-पाच मिनिटे खळखळून उकळी येते आणि वरून दूध. पहिल्याच घोटाला निकाल लागतो, ‘पाणचट आहे, आपला नेहमीचाच बरा.’ पाकीट फडताळात मागे सरकते आणि तिथेच त्याचा सुगंध उडून जातो. आपल्या लोकांची जीभच हट्टी, तिला नवे चहा रुचत नाहीत, असे यावर सांगितले जाते. मला ते मुळीच पटत नाही. पान खुडल्यानंतरच्या काही तासांत त्याच्यावर जी प्रक्रिया होते, तिच्यावर ते किती गरम पाण्यात, किती वेळ ठेवायचे हे ठरते. ते कोणी सांगितलेले नसते, म्हणून आपण सगळे चहा एकाच पातेल्यात एकाच रीतीने करतो. त्यातच तब्येतीविषयीच्या ऐकीव गोष्टींची भर पडते. या समजुती एकदा नीट तपासून पाहायला हव्यात.

‘ग्रीन टीचे झाड वेगळे असते’

हिरवा, काळा, पांढरा, ऊलाँग, चीनच्या युन्नान प्रांतातला पु-अर, हे सगळे एकाच झुडपाच्या पानांचे चहा. कॅमेलिया सायनेन्सिस हे त्याचे शास्त्रीय नाव. त्याचे मुख्य प्रकार दोन. एक लहान पानाचा चिनी, जो थंडी सोसतो आणि दार्जिलिंगच्या मळ्यांत पूर्वीपासून आहे. दुसरा मोठ्या पानाचा आसामी. चव दोघांची वेगळी, पण दोन्हींपासून हिरवा चहाही होतो आणि काळाही.

खरा फरक पडतो तो खुडणीनंतर. पान कोमेजू देतात, मग चुरगळतात. पेशी फुटतात आणि पानातले विकर हवेतल्या प्राणवायूच्या मदतीने कॅटेचिन या तुरट द्रव्यांचे रूप पालटतात. त्यातून थिआफ्लेविन आणि थिआरुबिजिन तयार होतात. पहिल्यामुळे चहाला तकतकीत तांबूस झाक आणि तरतरी येते, दुसऱ्यामुळे गडद रंग आणि भरीवपणा. कापून ठेवलेले सफरचंद तपकिरी पडते, तशीच ही क्रिया. ती पुरती होऊ दिली की काळा चहा. मध्येच थांबवली की ऊलाँग. सुरू होण्याआधीच पाने तापवून विकर निकामी केले की हिरवा. हे तापवणे जपानमध्ये वाफेवर होते, चीनमध्ये बहुधा तापलेल्या कढईत, आणि म्हणूनच जपानी सेन्चाला कोवळ्या पालेभाजीची चव असते तर चिनी लाँगजिंगला भाजल्याचा खमंगपणा. पांढऱ्या चहासाठी कळ्या आणि कोवळी पाने जवळपास नुसतीच सुकवतात.

दार्जिलिंगची गंमत इथे कळते. मार्च-एप्रिलच्या पहिल्या बहराची पाने इतकी सुकवून घेतात की पुढची क्रिया अर्धवटच राहते. कोरड्या पानात हिरवी झाक दिसते, कपात फिकट सोनेरी रंग उतरतो. बाजारात हा ‘काळा चहा’ म्हणून विकला जातो, पण त्याचा स्वभाव नाजूक आहे. मे-जूनच्या दुसऱ्या बहरात पिकलेल्या द्राक्षासारखा मस्कटेल सुगंध येतो. त्यात बारीक तुडतुड्यांचाही वाटा असतो. ते कोवळ्या पानांतला रस शोषतात आणि झाड बचावासाठी सुगंधी द्रव्ये बनवते. किडीने डसलेले पान म्हणजे वाया गेलेला माल, हा समज निदान इथे तरी खोटा ठरतो. भारतात भौगोलिक मानांकन मिळालेले पहिले उत्पादन हाच चहा, वर्ष २००४.

‘भुकटी म्हणजे कारखान्याच्या झाडलोटीतला माल’

ही समजूत सुशिक्षित घरांत फार पक्की आहे आणि ती चहा बनवणाऱ्यांवर अन्याय करणारी आहे. आसाममधल्या आमगुडी मळ्यात १९३० च्या सुमारास विल्यम मॅककर्चर यांनी एक यंत्र घडवले. दातेरी रुळांमधून जाताना पान चिरडले, फाडले आणि वळवले जाते, आणि त्याचे बारीक गोल दाणे होतात. या पद्धतीला सीटीसी म्हणतात. भारतात तयार होणारा बहुतांश चहा आज याच पद्धतीचा. दाणे चाळण्यांतून गाळून आकाराप्रमाणे वेगळे करतात आणि सर्वांत बारीक दाण्याला व्यापारात ‘डस्ट’ म्हणतात. डस्ट ही आकाराची प्रत आहे. चांगल्या मळ्याची डस्ट सुमार मळ्याच्या मोठ्या दाण्यापेक्षा लिलावात जास्त भाव खाऊ शकते.

दाणा जितका बारीक, तितका अर्क लवकर आणि दाट उतरतो. दूध, साखर, आलं, वेलदोडा या सगळ्यांतून वर यायचे तर असाच चहा हवा. पुण्याची अमृततुल्ये आठवा. पितळी पातेले, खलबत्त्यात कुटलेला वेलदोडा, सतत ढवळणारा हात. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी रुजवलेली ही कला अख्ख्या पानाच्या चहावर उभी राहूच शकली नसती. त्यामुळे दुधाचा उकळलेला चहा पिणाऱ्याला रसिकतेत खालचा मानणे मला अजिबात मान्य नाही. तो स्वतंत्र, पूर्ण वाढलेला प्रकार आहे. फक्त तो एकमेव प्रकार नाही.

मात्र झटकन रंग सुटतो म्हणजे चहा अस्सल आणि कडक, असे धरून चालू नये. सुट्या चहात रंग मिसळल्याचे प्रकार होतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने घरी करायची एक सोपी चाचणी सुचवली आहे. गाळणकागदावर थोडी पत्ती पसरून पाणी शिंपडावे, मग कागद धुऊन उजेडात पाहावा. डाग राहिले तर रंग वरून लावलेला आहे.

‘मसाला चहा ही हजारो वर्षांची परंपरा’

आलं, सुंठ, तुळस, गवती चहा यांचे काढे आपल्याकडे जुने आहेत. चहाचे पान त्यात मिसळले ते फार अलीकडे. आसामातले सिंगफो लोक चहाची पाने वापरत होतेच. १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस यांना ती त्यांच्याकडेच आढळली आणि १८३९ मध्ये आसामच्या चहाचा लंडनमध्ये लिलाव झाला. पण तो सगळा निर्यातीचा माल होता. सामान्य भारतीय चहा पिऊ लागला तो विसाव्या शतकात. १९०३ च्या चहा उपकरातून प्रचाराला पैसा मिळाला आणि रेल्वे स्थानके, गिरण्या, बाजार इथे चहा नेला गेला. पुढे सीटीसी पसरला, चहा स्वस्त झाला आणि टपरी उभी राहिली. आपल्या पणजोबांनाही चहा कधीतरी नवाच होता, हे नवे चहा चाखताना लक्षात असावे.

‘ग्रीन टी कडूच असतो, औषध म्हणून प्यायचा’

असंख्य घरांत हिरव्या चहावर ही वेळ उकळत्या पाण्याने आणली आहे. हिरव्या पानात कॅटेचिन जसेच्या तसे शिल्लक असतात आणि फार गरम पाण्यात ते भसाभस उतरतात, म्हणून तोंड कडू-तुरट होते. ७० ते ८० अंशांच्या पाण्यात गोडसर, मऊ चव देणारी अमिनो आम्ले पुढे येतात आणि कडवटपणा मागे राहतो. थर्मामीटरची गरज नाही. तीन भाग उकळत्या पाण्यात एक भाग साधे पाणी घातले की तापमान ८० च्या आसपास येते. दोनास एक घेतले तर ७५. कपाला साधारण दोन ग्रॅम पत्ती, वर झाकण, दोन मिनिटे, आणि लगेच गाळणे. पुडीचा ग्रीन टी कपात तसाच लोंबत ठेवून पिणाऱ्यांनी एकदा हे करून पाहावे.

पण हिरवे पान उकळायचेच नसते, असाही नियम नाही. काश्मीरचा नून चाय हिरव्या पानांचाच. सोडा घालून ही पाने बराच वेळ उकळतात, लालभडक अर्क निघतो, त्यात गार पाणी ओतून तो जोरजोराने घुसळतात आणि मग दूध व मीठ. त्याचा गुलाबी रंग गुलाबपाकळ्यांचा किंवा केशराचा असतो असे अनेक पर्यटकांना वाटते. तो येतो सोडा, हवा आणि दूध यांच्यामुळे. जी उकळी सेन्चाचा जीव घेते, तिच्यावाचून नून चाय होतच नाही.

‘ग्रीन टीत कॅफीन नसते, आणि त्याने वजन उतरते’

कॅफीन पानात मुळातच असते आणि प्रक्रियेने फारसे कमी होत नाही. कोवळ्या कळीत ते जास्त असते, म्हणजे नाजूक वाटणारा पांढरा चहाही कॅफीनमुक्त नाही. सावलीत वाढवलेल्या पानांची पूड असलेल्या माचात तर पान पोटात जाते, त्यामुळे त्याचे प्रमाण चांगलेच असते. कपात किती उतरेल हे पत्ती, पाणी आणि वेळ यांवर ठरते. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२४ च्या मार्गदर्शिकेनुसार एका कप चहात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफीन असते आणि दिवसभरात ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये. गवती चहा, कॅमोमाइल, दक्षिण आफ्रिकेचा रुईबोस यांत कॅफीन नसते. दक्षिण अमेरिकेतल्या येर्बा माटेत मात्र ते असते, आणि ‘तुळस ग्रीन टी’च्या पुडीतही.

वजनाचे म्हणाल तर २०१२ च्या कॉक्रेन आढाव्यात ग्रीन टीने होणारी घट इतकी थोडी दिसली की वैद्यकीयदृष्ट्या तिला महत्त्व नाही. आणि अर्काच्या गोळ्या घेणाऱ्यांनी सांभाळावे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ मध्ये सांगितले की पूरक गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा अधिक ईजीसीजी हे कॅटेचिन घेतल्यास यकृतावर ताण आल्याची चिन्हे दिसतात. पेला आणि गोळी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

वजनाचा हिशेब खरा मांडायचा तर साखरेकडे पाहावे. कपाला दोन चमचे धरले तर चार कपांत ३० ते ४० ग्रॅम साखर जाते. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला सुमारे ५० ग्रॅमची मर्यादा सांगते, आणि शक्य तर २५ ची. इथे गुळाच्या चहाबद्दल स्पष्ट बोलले पाहिजे, कारण गेल्या काही वर्षांत महाराष्ट्रात जागोजागी त्याची दुकाने झाली आणि ‘मधुमेह्यांना चालतो’ हे वाक्य सहज कानावर पडते. गुळाचा मोठा भाग साखरच आहे. थोडी खनिजे असतात, पण रक्तातली साखर तोही वाढवतोच. चवीसाठी गुळाचा चहा जरूर प्यावा, मलाही तो आवडतो. मधुमेह असेल तर तो साखरेइतकाच मोजावा. चहा फाटू नये म्हणून कोऱ्या चहात गूळ विरघळवून, आच बंद करून, मग वेगळे तापवलेले दूध घालावे.

चहाने रंग काळा होतो, ही मुलांना चहापासून दूर ठेवण्यासाठी वापरली जाणारी थाप आहे. कातडीचा रंग मेलॅनिन ठरवते. मुलांना चहा न देण्याचे खरे कारण कॅफीन आणि साखर हे आहे, तेवढे त्यांना सांगावे. दूध घातले की चहाचे गुण नाहीसे होतात, या दाव्याला मात्र सरळ उत्तर नाही. २००७ मध्ये १६ महिलांवर झालेल्या एका जर्मन अभ्यासात दुधामुळे रक्तवाहिन्यांवरचा चांगला परिणाम पुसला गेलेला दिसला. इतर काही अभ्यासांत दूध घालूनही कॅटेचिन रक्तात पोहोचतातच असे आढळले. एवढ्या आधारावर कोणी दूध सोडण्याचे कारण नाही.

ज्याकडे खरोखर लक्ष द्यावे अशा गोष्टी दोन आहेत. जेवणाबरोबरचा चहा डाळी-भाज्यांतले लोह नीट शोषू देत नाही. देशात १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के महिलांना रक्तक्षय आहे, असे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसले. त्यामुळे जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा नको, हा सल्ला बायकांनी तरी मनावर घ्यावा आणि घरातल्यांनी तो पाळणे त्यांना सोपे करावे. दुसरी गोष्ट, ६५ अंशांहून अधिक गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात, असे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये सांगितले. दोष चहाचा नाही, तापमानाचा. चटका देणारा चहा दोन मिनिटे निवू द्यावा.

नवा चहा शोधायचा तर आपल्या जिभेच्या जवळून सुरुवात करावी. कडक आवडणाऱ्याने आसामचा अख्ख्या पानाचा चहा घ्यावा. त्याला उकळते पाणी चालते, चार मिनिटे मुरू द्यावा आणि हवे तर थोडे दूधही घालावे. तिथून निलगिरी, जो हलका आणि सुगंधी असतो. मग दार्जिलिंगचा दुसरा बहर, दूध न घालता, तीन मिनिटे. त्यानंतर पहिला बहर आणि ऊलाँग. चांगल्या ऊलाँगची पाने एकदा गाळून टाकून देऊ नयेत, तीच पाने तीन-चार वेळा पाणी घेतात आणि दर वेळी वेगळी चव देतात. पाकीट ५० ग्रॅमचेच घ्यावे, हवाबंद डब्यात, मसाल्यांपासून लांब ठेवावे. पहिल्या बहराचा दार्जिलिंग वर्षाच्या आत संपवावा. पु-अर मात्र नीट ठेवला तर वर्षानुवर्षे मुरत राहतो.