तांब्याच्या नाण्याची पारख : चकाकी नव्हे, छाप महत्त्वाची

तंजावर आणि कुंभकोणम परिसरातील गावांत, कावेरीच्या वाळूत व शेतजमिनीत, चोळ राजवटीची तांब्याची नाणी सापडत आली आहेत. मात्र उजळण्यासाठी चिंचेने घासलेले नाणे संग्राहकाच्या लेखी आपले बरेचसे मोल गमावून बसते.

यांत विशेष परिचित आहे ते बृहदीश्वर मंदिर उभारणाऱ्या पहिल्या राजराजाचे (राज्यकाल ९८५ ते १०१४) नाणे. त्याच्या एका बाजूस उभी, तर दुसऱ्या बाजूस बसलेली मानवाकृती असते. बसलेल्या आकृतीच्या हाताशी नागरी लिपीत ‘श्री राजराज’ अशी अक्षरे असल्याने मराठी वाचकालाही ती बऱ्याच अंशी ओळखता येतात. श्रीलंकेतील राजांनी पुढे हाच नमुना स्वीकारला.

दर्जा कसा ठरतो?

प्रथम अक्षरे पाहिली जातात. तिन्ही ओळी वाचता आल्यास दर्जा उंचावतो. त्यानंतर आकृतीचे उंचवटे तपासले जातात, कारण हाताळणीने तेच आधी झिजतात. छाप एका बाजूस सरकली असेल, तर तो टाकसाळीतील दोष होय. त्यास झीज म्हणता येत नाही. अमेरिकेत विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडलेली १ ते ७० गुणांची श्रेणी आज जगभर वापरली जाते.

हिरवा रंग, दोन अर्थ

तांब्यावरील कठीण, गुळगुळीत हिरवट थर धातूचे रक्षण करतो व जुनेपणाची साक्षही देतो. भुकटीसारखे सुटणारे फिकट हिरवे ठिपके मात्र क्षारजन्य गंजाचे लक्षण आहे. दमट हवेत तो नाणे आतून पोखरतो. चिंच वा लिंबाचे आम्ल रक्षक थर काढून टाकते आणि तो पुन्हा आणता येत नाही.

ओतीव बनावट नाण्याच्या काठावर जोडरेषा आणि पृष्ठभागावर बारीक छिद्रे आढळतात.

कायदा काय सांगतो?

१८७८ च्या कायद्यानुसार, जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मोलाचा ऐवज सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे बंधनकारक आहे. १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगीरीत्या परदेशी पाठविण्यास मनाई केली आहे.

नाणे कोणत्या गावी, कोणत्या थरात आणि कशासोबत मिळाले, ही नोंद अभ्यासकांना नाण्याइतकीच मोलाची असते. सुटे नाणे बाजारात गेले, की ती माहिती कायमची नष्ट होते.