पोपटांच्या आहारातील कवचफळे

पाळीव पोपटांना पूरक खाद्य म्हणून दिली जाणारी बदाम, अक्रोड, काजू, पिस्ता यांसारखी कठीण कवचाची फळे आणि भुईमुगाच्या शेंगा. वनस्पतिविज्ञानाच्या दृष्टीने भुईमूग हे शिंबावंत कुलातील पीक असून त्याची शेंग हे खरे कवचफळ नव्हे. तथापि स्निग्धांशाचे प्रमाण व खाद्य म्हणून होणारा उपयोग यांमुळे तिचा विचार याच गटात करतात.

वऱ्हाडात तिवशासारख्या (जि. अमरावती) गावांच्या परिसरात ज्वारीची कणसे, तुरीच्या शेंगा व फळबागा यांवर उतरणारा राघू (सिटॅक्युला क्रॅमेरी) हा वन्य पक्षी आहे. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये भारतातील देशी पोपटांना संरक्षण असून ते पकडणे, विकणे वा पिंजऱ्यात ठेवणे हा गुन्हा ठरतो. जखमी राघू आढळल्यास त्याला घरी न पाळता वन विभागाकडे सोपवावे. म्हणून येथील विवेचन बजरीगर, कॉकॅटिल, आफ्रिकी करडा पोपट, मकाव इ. परदेशी जातींपुरते आहे. यांपैकी ज्या जाती वन्य प्राण्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या कराराच्या परिशिष्टांत आहेत, त्या बाळगणाऱ्याने नोंदणी करणे या अधिनियमाच्या २०२२ मधील दुरुस्तीनुसार आवश्यक आहे.

आहारमूल्य : पोपटाची वरची चोच कवटीला बिजागरीप्रमाणे जोडलेली असते व बहुतेक जाती पायात खाद्य धरून ते फोडतात. कवचासह दिलेल्या फळामुळे चोचीला व्यायाम मिळतो आणि पिंजऱ्यातील पक्ष्याचा वेळ कामात जातो. शेंगदाण्यात सु. २५ टक्के प्रथिने व ४० ते ५० टक्के तेल असते. बदामात तेल सु. ५० टक्के, तर अक्रोडात ६० टक्क्यांहून अधिक असते. मात्र या सर्वांत अ जीवनसत्त्व जवळजवळ नसते. शेंगदाण्यात कॅल्शियमाच्या मानाने फॉस्फरस सु. चौपट असतो. केवळ बिया व दाणे यांवर वाढविलेल्या पोपटांत अ जीवनसत्त्वाच्या अभावी तोंड व श्वसनमार्ग यांच्या अस्तराचे विकार होतात. आफ्रिकी करड्या पोपटात कॅल्शियमाच्या न्यूनतेमुळे झटके येतात. पिंजऱ्यात उड्डाण कमी असल्याने जादा स्निग्धांश शरीरात साठून लठ्ठपणा, यकृतात मेद साचणे व रोहिणीकाठिण्य हे विकार उद्भवतात.

प्रमाण : भुईमुगाच्या एका दाण्याचे वजन सु. ०·४ ग्रॅ. धरल्यास १०० ग्रॅ. वजनाच्या कॉकॅटिलाला तो एक दाणा म्हणजे ६० किग्रॅ. वजनाच्या माणसाला सु. पाव किग्रॅ. शेंगदाणे होत. लहान पक्ष्यांचा चयापचय जलद असल्याने ही तुलना तंतोतंत नाही. पण घरातील प्रत्येकाने कौतुकाने एकेक दाणा दिला, तर काय होते हे तीवरून ध्यानात येते. ३० ते ४० ग्रॅ. वजनाच्या बजरीगराला कवचफळांची गरजच नसते. कॉकॅटिलाला आठवड्यातून एकदोनदा बदामाचा लहान तुकडा पुरतो. आफ्रिकी करड्या पोपटाला दिवसाला एखादा बदाम वा अर्धा अक्रोड चालतो. ताडवर्गीय झाडांची तेलकट फळे हेच ज्यांचे नैसर्गिक अन्न आहे, अशा मोठ्या निळ्या मकावासारख्या जातींना अधिक लागतात.

बुरशीचे विष : सर्वांत मोठा धोका भुईमुगापासून संभवतो. ॲस्परजिलस फ्लेव्हस व ॲ. पॅरासिटिकस या बुरशी अफ्लाटॉक्सिन हे यकृतास घातक असे विष तयार करतात. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले. त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीच्या तपासणीतूनच या विषाचा शोध लागला. पीक पक्व होताना पावसाने ताण दिल्यास किंवा काढणीनंतर शेंगा ओल्या राहिल्यास बुरशीची लागण वाढते. कोरडवाहू वऱ्हाडात यांपैकी पहिली स्थिती नवी नाही आणि परतीच्या पावसात दुसरीही उद्भवते. चांगल्या वाणानेही हा धोका आपोआप टळत नाही. सुकवणी व साठवण हीच निर्णायक ठरतात. शेंगांतील ओलावा सु. ९ टक्क्यांखाली आणून त्या कोरड्या, हवेशीर जागी ठेवाव्या लागतात.

हे विष डोळ्यांना दिसत नाही. ते धुण्याने जात नाही व भाजल्याने केवळ अंशतः कमी होते. टरफलाच्या आत बुरशी लपू शकते. शिवाय टरफलावरील ॲ. फ्युमिगेटस या बुरशीचे बीजाणू हुंगले गेल्यास फुप्फुसे व वायुकोश यांचा रोग होतो. म्हणून पोपटाला शेंगा न देता माणसांच्या खाण्यासाठी निवडलेले, भाजलेले, बिनमिठाचे दाणेच द्यावेत. सुरकुतलेले, काळवंडलेले, कुबट वासाचे वा फुटके दाणे टाकून द्यावेत. माणसांसाठी नाकारलेला माल पक्ष्यासाठी वापरणे हा काटकसरीचा मार्ग नव्हे. पावसाळ्यात थोडा साठा हवाबंद डब्यात ठेवावा.

इतर दक्षता : कडू बदामातून हायड्रोसायानिक अम्ल निर्माण होते, म्हणून ते वर्ज्य होत. काजूच्या कच्च्या बोंडीच्या कवचात दाहक तेल असते. प्रक्रिया केलेला गर मात्र चालतो. खारे व तळलेले दाणे, चिक्की, तसेच चॉकलेट लावलेली फळे देऊ नयेत.

पोपट आजार दीर्घकाळ लपवितो. पिसे फुगवून बसणे, भूक मंदावणे, विष्ठेतील पांढरा भाग हिरवट होणे किंवा चोच बेसुमार वाढणे ही यकृतविकाराची लक्षणे असू शकतात. ती दिसताच दाणे बंद करून पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. दैनंदिन आहाराचा मुख्य भाग संतुलित गोळीखाद्य, गाजर, हिरव्या पालेभाज्या व फळे यांचा असावा आणि कवचफळाला त्यात केवळ खाऊचे स्थान द्यावे.